सतरा नंबरची पाच कणसे

वीज गेली होती आणि आम्ही दोघे खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ज्वारीचे दाणे मोजत होतो. सोलापूरच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेतला तो माझा पहिला आठवडा. उगवण पाहण्यासाठी दर नमुन्याचे चारशे दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे असतात. समोर डॉ. मल्लिनाथ कोनापुरे बसले होते. प्रयोगशाळेचे प्रमुख, पण माझ्यासारख्या नवख्या मुलीबरोबर चिमट्याने एकेक दाणा उचलत होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात भाजलेले शेंगदाणे असत. मोजता मोजता दोन मला देत, दोन स्वतः तोंडात टाकत.

"झाले चारशे?" त्यांनी विचारले.

"तीनशे नव्व्याण्णव."

"मग एक कुठं गेला?"

मला वाटले, थट्टा करताहेत. पण ते खरेच वाकले. अर्धा तास आम्ही टेबलाखाली, खुर्च्यांखाली शोधत होतो. अखेर तो दाणा माझ्या पदराच्या घडीत सापडला. "बघा," साहेब हसले, "तुमच्यासंगं घरी निघाला होता की हा."

साहेबांशी माझी ओळख झाली ती अशी. यंदा त्यांना पंच्याऐंशी वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथासाठी लेख मागणारे पत्र आले, तेव्हा मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "लिहिणार असाल तर सतरा नंबरचं लिहा, सुनंदाबाई. बाकीचं काय, सगळे लिहितील." त्यांचा शब्द मी मोडत नाही. पण ही गोष्ट लिहिणे मला सोपे नाही, हे आधीच सांगते.

माझे शिक्षण कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात झाले. आई लहानपणीच गेली, वडील रेल्वेत, सतत बदलीवर. मला इंग्रजी उत्तम येत होते, पियानोवर दोन प्रार्थना वाजवता येत होत्या, आणि जोंधळा म्हणजे काय तर ताटातली भाकरी, एवढेच ठाऊक होते. लग्न होऊन सोलापुरात आले आणि या प्रयोगशाळेत तात्पुरत्या जागेवर लागले. मी नोकरी करावी हे सासूबाईंना पसंत नव्हते. दुसऱ्याच सोमवारी त्या न सांगता कचेरीत येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि कोणत्या जोंधळ्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते यावर तासभर त्यांचा सल्ला घेतला. घरी आल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, "माणूस चांगला हाय. जा रोज."

साहेबांचे घराणे दक्षिणेकडच्या एका खेड्यातले, शेतीवाडी करणारे. घरी कानडी, शाळेत मराठी. मातीत वाढलेल्या माणसाने विज्ञान शिकले की त्याच्या हातात एक वेगळीच सावधगिरी येते. ती मी त्यांच्या हातात रोज पाहिली.

शहराबाहेरच्या सरकारी शेतावर तारेचे कुंपण घातलेला एक लहान तुकडा होता. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत किरणांचा मारा करून आणलेले ज्वारीचे बी तिथे पेरत. किरणांनी बियाच्या आत काहीतरी बदलते. काय बदलले ते उगवून आल्यावर, पिढ्यान् पिढ्या पाहूनच कळते. मजूर बायका त्याला "बाँबचा जोंधळा" म्हणत. या वाणांना नुसते नंबर होते. त्यातला सतरा नंबर साहेबांनी कित्येक हंगाम जपला होता. मोठ्या दुष्काळातही तो वाळला नाही. कणीस गच्च, दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा. वरिष्ठ कचेरीतून दर महिन्याला विचारणा येई, सतरा नंबर केव्हा देता?

त्या काळी बियाण्याचा कायदा होता, पण तो पिशवीवरच्या लेबलाचा. उगवण किती, भेसळ किती, यापुढे तो जात नसे. अशा बदललेल्या बियाण्याची परीक्षा कशी घ्यावी, ते कुठवर कोंडून ठेवावे, याविषयी देशात कुणी काही लिहून ठेवलेले नव्हते. म्हणून साहेबांनी स्वतःच इंग्रजीत दोन पाने नियम लिहिले. प्रत्येक कणसावर फुलोऱ्याआधी कागदी पिशवी बांधायची, म्हणजे त्याचे पराग शेजारी जाणार नाहीत. जादा कणसे जाळायची. चौथा नियम असा होता की वनस्पतीचा कोणताही भाग कुंपणाबाहेर जाता कामा नये. ती पाने मीच टंकलिखित केली होती.

तरीही पुढचे घडले, आणि ते माझ्या हातून घडले.

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत होती. सुवासिनींना सुगडे द्यायची होती आणि सुगडात काय घालतात हे मला ठाऊक नव्हते. नागव्वा या त्या तुकड्यात काम करणाऱ्या मजूर बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांना विचारले तर त्या कमरेवर हात ठेवून हसल्या.

"बाई, तुमी एवढं इंग्रजी वाचताव, अन् सुगड भरायचं ठावं न्हाय व्हय? बोरं, गाजर, उसाचं कांडं, हरभऱ्याचं घाटं, अन् जोंधळ्याचं कणीस. कणीस नसलं तर सुगड मुकं दिसतंय बघा."

बाजारातली कणसे त्या वर्षी किडकी, विरळ होती. शेतावर शेडमागे सतरा नंबरची जादा कणसे जाळण्यासाठी रचून ठेवलेली होती. मी त्यातली पाच चांगली निवडून पिशवीत घातली. चोरी करते आहे असे मनातही आले नाही. 'वनस्पतीचा कोणताही भाग' हे मी टंकले होते ते कचेरीचे काम. सुगडात घातले ते कणीस. ही दोन्ही एकच आहेत, हे मला सुचलेच नाही. पाच सुगडे पाच जणींना दिली. पाचवे नागव्वांना. त्यांनी कणीस उलटसुलट करून पाहिले, कपाळाला लावले आणि पदराखाली घेतले.

नऊ महिने गेले. पुढच्या हंगामाची पेरणी झाली. पीक महिन्याचे असताना साहेबांनी एक चाचणी हाती घेतली. कोवळ्या ज्वारीच्या पानात थोडे विष असतेच. जनावराने ते जास्त खाल्ले तर किराळ लागते, म्हणजे जनावर थरथरते, कोसळते, तासाभरात मरते. शेतकऱ्याला हे माहीत असते आणि तो जपून खाऊ घालतो. किरणांनी हे विष वाढले तर नाही ना, एवढेच पाहायचे होते. पाने ठेचून काचेच्या नळीत घालायची, वर औषधात बुडवलेली पिवळी पट्टी टांगायची आणि बूच लावायचे. विष असेल तर पट्टी विटकरी होते.

नेहमीच्या ज्वारीच्या पट्टीवर दुपारपर्यंत फिकट नारिंगी छटा आली असती. सतरा नंबरची पट्टी माझ्या हातातला चहा निवण्याआधी विटेसारखी लाल झाली. साहेबांनी दुसरी नळी लावली. तिसरी लावली. तिन्ही लाल.

त्यांनी तिन्ही नळ्या एकेक करून उजेडात धरल्या. मग म्हणाले, "नशीब. यातलं एक पानसुद्धा अजून बाहेर गेलेलं नाही."

मी कप खाली ठेवला. "साहेब, पाच कणसं बाहेर गेलीत."

"कुणी नेली?"

"मी. संक्रांतीला. सुगडात."

ते ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी हातातली नळी नळ्यांच्या लाकडी घोडीवर नीट ठेवली. "बरोबर पाच? सहा नाहीत?"

"पाच."

"नावं सांगा."

दोन तासांत चार कणसांचा पत्ता लागला. तीन जणींनी हुरडा भाजून खाल्ला होता. भरल्या दाण्यात हे विष नसते, तेव्हा त्यांना धोका नव्हता. चौथीने कणीस चिमण्यांसाठी दारावर टांगले होते. दाणे संपून नुसता गोंडा उरला होता. तो गोंडासुद्धा साहेबांनी मागून घेतला. पाचव्या नागव्वा. त्या आठ दिवसांची रजा घेऊन अक्कलकोटच्या पलीकडे भावाच्या गावी गेल्या होत्या.

"कशासाठी रजा?" साहेबांनी विचारले.

मी हजेरीपट पाहिला. "विरळणीसाठी."

दाट उगवलेल्या पिकातली रोपे उपटून पीक विरळ करतात आणि ती उपटलेली कोवळी रोपे बैलांना घालतात. म्हणजे ते कणीस भावाच्या शेतात पेरले गेले असणार. साहेब लगेच उठले. "चला," म्हणाले, "बैल वाचवायचे आणि पीक निसवून कणसं बाहेर पडायच्या आत मुळासकट काढायचं. एकदा त्याचे पराग वाऱ्यावर गेले, की मग ते कुणाच्या बापाला परत आणता यायचे नाहीत."

जीप आधी सात रस्त्यावर थांबली, एका फोटो स्टुडिओसमोर. मला काही कळेना. साहेबांनी आत जाऊन किलोभर हायपो मागितला. फोटो धुताना वापरतात तो. दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिले. "क्या साब, किसकी शादी है? इत्ता हायपो?"

"बैल को पिलाना है, चाचा."

त्यांनी पुढे एक शब्द न विचारता डबाच पुढे केला. हे विष उतरवायला हायपो उपयोगी पडतो, हे साहेबांनी मला वाटेत सांगितले. "पण वेळेत पोचलो तर," ते म्हणाले. अक्कलकोटला जनावरांच्या दवाखान्यात विचारले. डॉक्टर दौऱ्यावर होते. निरोप ठेवला आणि पुढे निघालो. रस्ता संपला तिथून बांधाबांधाने धावत गेलो. साहेब पुढे, त्यांच्या हातात डबा, मागे मी, चपला हातात घेऊन.

विहिरीजवळ नागव्वांचे भाऊ शिवाप्पा उभे होते. समोर खिलारी बैलांची जोडी. दुष्काळात सगळे घर अर्धपोटी राहिले होते, पण ही जोडी त्यांनी छावणीत ठेवून, पेंढी पेंढी चारा आणून जगवली होती. थोरल्या बैलासमोरची रोपे संपत आली होती. धाकट्याच्या तोंडात पहिलाच घास होता.

"हाकब्याड्री! घालू नका!" साहेब लांबूनच कानडी-मराठीत ओरडले. "काढा ते तोंडातलं!"

शिवाप्पा वैतागले. "कोण तुमी? आमी काय आज जोंधळं करतोय व्हय? विरळणीचं चार जुडगं खाऊन कधी किराळ लागली न्हाय आमच्या जनावराला."

ते खरेच सांगत होते. साध्या ज्वारीच्या तेवढ्या रोपांनी काही झाले नसते. ते बोलत असतानाच थोरला बैल थरथरू लागला. मान ताणून श्वास ओढू लागला, तोंडाला फेस आला आणि गुडघे टेकून कोसळला. साहेबांनी बादलीत हायपो कालवला आणि बांबूच्या नळीने त्याच्या घशात ओतला. नागव्वा बैलाचे डोके मांडीवर धरून बसल्या. तो गेला. साहेबांनी थांबून हळहळही केली नाही. तशीच नळी भरून धाकट्याकडे धावले. धाकटा लटपटत होता. त्याला दोनदा पाजले, तिसऱ्यांदा पाजले. साहेब त्याच्या पोटाला कान लावून उभे होते. ऊन कलले तेव्हा त्या बैलाने मान हलवली आणि रवंथ सुरू केला.

शिवाप्पा मेलेल्या बैलाशेजारी बसले होते. ते बहिणीकडे वळले. "तूच आणलंस की हे कणीस. लई चांगलं बी हाय म्हणालीस. बघ."

नागव्वा माझ्याकडे एकदा पाहून खाली पाहू लागल्या. मी बोलायला हवे होते. मी बोलले नाही.

साहेब पुढे झाले. "चूक आमची आहे, शिवाप्पा. बी आमच्या शेतातलं. ते काय आहे, हे आम्ही नागव्वांना कधी सांगितलं नाही."

"सरकारचं बी सरकारनं न्यावं," शिवाप्पा म्हणाले. "बैल मेला, तो कुनी द्यायचा?"

सदऱ्याच्या बाह्या वर करून साहेब सतरा नंबरच्या चार ओळींत उतरले आणि एकेक रोप मुळासकट उपटू लागले. पीक निसवले नव्हते. आम्ही वेळेत होतो. नागव्वांनी घरातून मडके आणले. त्यात राखेत घालून ठेवलेले उरलेसुरले दाणे होते. साहेबांनी ते रुमालात बांधून घेतले, राखेसकट.

पाच दिवसांनी शिवाप्पांच्या दारात एक बैल आला. साहेबांनी आपल्या वडिलांच्या जोडीतला एक सोडून, माणसाबरोबर चालवत पाठवला होता. वडील त्यांना म्हणाले, "नोकरी कर म्हटलं होतं, बैल वाटत फीर म्हटलं न्हवतं." पण दावे त्यांनीच सोडून दिले होते.

महिनाभरात चौकशी लागली. वरिष्ठ अधिकारी आले. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, कणीस नेणाऱ्या मजूर बाईचे नाव हजेरीपटावरून काढायचे. साहेब म्हणाले, "नागव्वांचं नाव काढणार असाल तर आधी माझं काढा." तेव्हा मात्र मी उठले आणि कणसे मी दिली असे सांगितले. मला लेखी ताकीद मिळाली. नागव्वा कामावर राहिल्या.

दुसरी गोष्ट मोठी होती. वरिष्ठांना सतरा नंबर सोडायचा नव्हता.

"दाण्यात विष नाही, हे तुमचाच अहवाल सांगतो," ते म्हणाले. "भाकरी उत्तम होते. दुष्काळातून लोक आत्ता कुठं उठताहेत, आणि तुम्ही असं बी जाळा म्हणता? शेतकऱ्याला सांगा, चाळीस दिवस जनावराला घालू नको. झालं."

"शेतकऱ्याला सांगेन साहेब," डॉ. कोनापुरे म्हणाले. "बैलाला कसं सांगू?"

"हे बी देऊ नये असा कायदा आहे का?"

"नाही. कायदा नाही, म्हणून तर आपणच थांबायला पाहिजे."

वितरणाच्या प्रस्तावावर त्यांनी सही केली नाही. त्या सहीने पुण्याची बढती मिळणार होती. ती दुसऱ्याला मिळाली. सतरा नंबरचे सगळे बी, उभे पीक, धाटे, कागदी पिशव्यासुद्धा, त्यांनी आमच्यादेखत जाळले. कित्येक वर्षांची मेहनत तासाभरात संपली. आग विझेपर्यंत ते काठीने राख उकरून, एखादा दाणा अर्धवट राहिला नाही ना, ते पाहत होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. धुराने, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले आणि नियमांची दोन पाने समोर ठेवली. "हे इंग्रजीत लिहिलं, हीच माझी चूक. ज्यांच्या हातात कणीस असतं त्यांना हे वाचता येत नाही. आणि ज्यांना वाचता येतं..." ते माझ्याकडे पाहून थांबले. तेवढेच. त्या दिवसापासून नियम मराठीत आणि कानडीत झाले. दर पेरणीआधी साहेब बांधावर उभे राहून ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत, पिशवी का बांधायची, कणीस का न्यायचे नाही, सगळे. नागव्वा शंका काढत आणि साहेब उत्तरे देत. शेजारच्या शेतांचे मालकही त्यांनी बोलावले.

पुढे खूप वर्षांनी, जनुक बदललेल्या बियाण्यांचे युग आले, नियम झाले, समित्या झाल्या. निवृत्तीनंतर साहेबांना अशाच एका समितीवर बोलावले. त्यांची टिपणे मी टंकून देत असे. नव्या बियाण्याला त्यांनी कधी आंधळा विरोध केला नाही आणि कधी आंधळी वाहवाही केली नाही. प्रत्येक बैठकीत ते एकाच कलमासाठी अडून बसत. परीक्षेचे पीक पेरण्याआधी शेजारच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, तोंडी, समोर बसून सांगितलेच पाहिजे. एक सदस्य कंटाळून म्हणाले, "डॉक्टर, जाहिरात दिली तर चालणार नाही का?" साहेब म्हणाले, "शिवाप्पा पेपर वाचत नव्हते." शिवाप्पा कोण, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हते.

त्या विहिरीजवळ मी गप्प राहिले, हे साहेबांनी पाहिले होते. या साऱ्या वर्षांत त्यांनी तो विषय एकदाच काढला. मी निवृत्त झाले त्या दिवशी, निरोपाचा हार हातात असताना ते म्हणाले, "तुमच्या सोयीनं सांगा त्यांना. पण सांगा." मी दोनदा अक्कलकोटपर्यंत गेले आणि परत आले. दरम्यान शिवाप्पा वारले.

साहेबांचे डोळे आता थोडे मंदावले आहेत, पण पाय अजून शेताकडेच वळतात. त्यांना उदंड आयुष्य मिळो. गुडघे साथ देवोत, सकाळची भाकरी गोड लागो, आणि बांधावर उभे राहून नवे बी हातावर घेऊन पाहण्याची त्यांची सवय अजून खूप वर्षे टिको. आमच्यासारख्यांना चुका सांगायला जागा हवी असते. ती जागा ते आहेत.

ग्रंथाच्या प्रती कुणाला द्याव्यात, असे समितीने विचारले आहे. माझे म्हणणे असे. एक प्रत कृषी महाविद्यालयात द्यावी, ग्रंथालयातल्या कपाटात नको, पहिल्या वर्षाच्या वर्गात. एक प्रत दिल्लीला, जिथे परीक्षेच्या पिकांना परवानगी देतात त्या टेबलावर. शाल आणि श्रीफळ साहेब घेणार नाहीत. शाल त्यांच्या पत्नीला द्यावी, त्यांनी दारातला बैल जाताना पाहिला आहे. लेखकाला मिळणारी माझी प्रत मला नको. ती शिवाप्पांच्या मुलाला द्यावी. तो आता शेती करतो.

नागव्वांची प्रत टपालाने पाठवू नये. त्या भावाच्याच घरी राहतात, ऐंशीच्या पुढे आहेत, वाचता येत नाही. मी स्वतः घेऊन जाईन. समितीने फक्त मराठी वाचून कानडीत नीट सांगणारे एक माणूस माझ्याबरोबर द्यावे. हा लेख त्या घरातल्या सगळ्यांना बसवून वाचायचा आहे, म्हणजे कणीस कुंपणाबाहेर नागव्वांनी आणले नव्हते, मी आणून त्यांना दिले होते, हे त्यांच्या भाच्यालाही त्यांच्यासमोरच कळेल.